माझी सवत आणि हिरवी वायर

मित्रांनो, मी एक जुनी वेल्डिंग मशीन आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. पहिली गोष्ट माझ्या अंगावरच्या गंजावरून कोणालाही कळते. दुसरी मात्र मी स्वतः सांगितल्याशिवाय कळायची नाही, कारण यंत्राचे मन कोणी उघडून पाहत नाही. उघडतात ते फक्त तेल बदलायला. आज मी मनातले सगळे सांगणार आहे. ऐकताना तुम्हाला माझा राग आला, तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा जन्म भिवंडीकडच्या एका शेडमध्ये झाला. जाड पत्र्याचे चौकोनी पोट, पोटात तांब्याच्या पट्टीची गुंडाळी, गुंडाळी बुडेल इतके तेल, खाली चार लोखंडी चाके, वर करंट कमी-जास्त करण्याचा दांडा आणि उचलण्यासाठी एक जाड कडी. एवढाच माझा संसार. रंग निळा होता. आता तो फक्त सांदीकोपऱ्यात उरला आहे.

मी विकत गेले ती थेट खर्डीला. स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर, भातखाचरांच्या कडेला, भगीरथ मिस्त्रीची शेड होती. म्हणजे चार खांब आणि वर पत्रे होते; लोक त्याला शेड म्हणू लागले ते मी आल्यावर. भगीरथने दुसऱ्यांच्या दुकानात आठ वर्षे वेल्डिंगचा रॉड ओढला होता. स्वतःची अशी पहिली मशीन मीच. मला टेम्पोतून उतरवल्यावर त्याने खिशातला स्वच्छ रुमाल काढून माझी धूळ पुसली. त्याच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्याची बायको कमळाबाई कुंकवाची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने माझ्या कपाळी बोट टेकवले आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "तो रुमाल मी नक्षी भरून दिलेला. चला, सवत आली म्हणायची."

आजूबाजूचे हसले. सवत म्हणजे काय ते तुमच्या आजीला विचारा, ती नीट सांगेल. मला मात्र त्या शब्दाने मोठा मान मिळाल्यासारखे वाटले. कोणाला तरी आपला हेवा वाटतो, याच्यासारखे सुख नाही. दुसऱ्याचा हेवा आपल्याला वाटू लागला म्हणजे काय होते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मला लाईन जोडायला दामू वायरमन आला. तो सावकाश माणूस होता. एक स्क्रू पिळायचा आणि विडी पेटवायचा. खांबावरून तीन फेजची लाईन आली होती: लाल, पिवळी आणि निळी, आणि सोबत वीज परत जाण्याची काळी न्यूट्रल. माझी भूक थोडी. तिन्हीतल्या कोणत्याही दोन वायरी दिल्या की मी चालते. लाल-पिवळी द्या, पिवळी-निळी द्या, माझी तक्रार नसते. एखादी फेज गेली की भगीरथ वायर काढून दुसरीवर लावायचा आणि कौतुकाने म्हणायचा, दोन वायरीत भागवते बिचारी. हे कौतुक ऐकून ऐकून मी थोडी शेफारले, हे खरे.

पण दामू दोन वायरींवर थांबला नाही. शेडच्या मागे त्याने पुरुषभर खोल खड्डा खणायला लावला. तळाशी जस्ताचा जाड पत्रा उभा केला, त्यावर कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, आणि त्या पत्र्यापासून एक हिरवी वायर आणून माझ्या अंगाला बोल्टने कसली; हे माझे अर्थिंग. भगीरथला हे सगळे उगाचचे वाटत होते. कधी काळी आतली लाईन माझ्या पत्र्यावर उतरली, तर ती हिरव्या वायरीने जमिनीत निघून जाईल आणि मला हात लावणारा वाचेल, असे दामूने त्याला समजावले. मग बोर्डातल्या काळ्या वायरीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "न्यूट्रल कामाचा, अर्थिंग जिवाचं. दोघांची सोयरीक कदी जुळवू नको."

भगीरथने मान डोलावली. त्याच्या ते किती लक्षात राहिले कोण जाणे, माझ्या पक्के लक्षात राहिले. आणि म्हणूनच माझा गुन्हा मोठा आहे.

खड्डा कोरडा पडला तर अर्थिंग कामाचे राहत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात त्यात रोज पाणी ओतावे लागते. हे काम कमळाबाईच्या गळ्यात पडले. भातसाचे धरण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण त्यातले पाणी जाते मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या आळीत येतो तो टँकर. तरी कमळाबाई तांदूळ धुतलेले, भांडी विसळलेले पाणी बाजूला ठेवायची आणि दुपारी खड्ड्यात ओतायची. सवतीला पाणी पाजून येते, असे शेजारणीला सांगायची. कुरकुर करायची, पण एक दिवस चुकवायची नाही.

आता एका शब्दाची गंमत सांगते. माझ्यातून दोन जाड केबली निघतात. एकीच्या टोकाला होल्डर असतो, त्यात रॉड धरतात. दुसरीच्या टोकाला मोठा चिमटा असतो. तो कामाच्या लोखंडाला किंवा टेबलाला लावतात, म्हणजे ठिणगी पडते. तर या चिमट्यालाही आमच्याकडचे मिस्त्री अर्थिंगच म्हणतात. एक अर्थिंग जमिनीत पुरलेले, दुसरे टेबलाला चावलेले, आणि नाव दोघांचे एकच. "अर्थिंग लाव रे" म्हटले की भगीरथ चिमटा लावायचा. खड्ड्याचे अर्थिंग एकदा कसून झालेले, त्याचे नाव घ्यायची वेळच येत नसे.

ती वर्षे माझी होती. खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉल्यांचे सांधे, मळणी यंत्रांचे तुटलेले पाय, देवळाचा दरवाजा, भातसानगरच्या वसाहतीतले झोपाळे, सगळे माझ्या हातचे. पावसाआधी तर नांगराचे फाळ घेऊन माणसे रांगेने बसायची. मुरबाडकडून कोणी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव जोडायला आणली, की भगीरथ मुद्दाम माझ्यावर थाप मारून दाखवायचा. शेडमध्ये सांधे घासायला ग्राइंडर आला तेव्हाही मला थोडे खुपले होते. पण तो भांडखोर निघाला, सारखा किंचाळायचा, आणि भगीरथला त्याचा वैताग यायचा. मी निश्चिंत झाले.

मग रोशनी झाली. भगीरथ-कमळाबाईची एकुलती एक मुलगी. आमच्या ठिणगीचा उजेड डोळ्यांना वाईट, म्हणून तिची झोळी पत्र्याच्या आडोशामागे बांधलेली असे. मित्रांनो, त्या पोरीला अंगाई माझ्या घुमण्याने झाली. मी चालू असले की ती झोपायची आणि बंद झाले की उठून रडायची. जेवणाच्या सुट्टीत कमळाबाई वैतागून म्हणायची की अजून पाच मिनिटे चालू ठेवा तुमची लाडकी. पुढे थंडीच्या दिवसांत रोशनी शाळेतून आली की माझ्या कोमट पोटाला टेकून अभ्यास करायची. उठताना माझी कडी धरून उठायची. तिच्या हातामुळे ती कडी गुळगुळीत झाली, बाकी सगळी मी गंजले तरी.

रोशनी शहापूरच्या आय.टी.आय.ला गेली आणि वेल्डरचे काम शिकली. गावात थोडी कुजबुज झाली. भगीरथने ती कानाआड केली. मग आसनगावकडच्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली. तिथे तिला नव्या तारेच्या मशीनची सवय झाली. घरी येऊन ती बापाला त्या मशीनचे गुण सांगायची आणि मी ऐकायची. रॉड बदलावा लागत नाही, तार आपोआप पुढे येते. पातळ पाइपाला भोक पडत नाही. धूर कमी. मला ते प्रत्येक वाक्य टोचायचे. पोरगी माझ्या अंगाईवर वाढली आणि गुण गाते परकीचे.

त्यातच उंबरमाळीकडच्या एका शाळेच्या बाकांचे काम आले. चाळीस बाके, सगळी पातळ पाइपाची. भगीरथने पहिले बाक माझ्यावर घेतले. माझा करंट कितीही कमी केला तरी रॉड टेकला की पाइपाला भोक. एक भोक बुजवायला गेला तर शेजारी दुसरे. त्याने होल्डर खाली ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत बसला. मला शिव्या दिल्या असत्या तरी चालले असते. त्याच आठवड्यात तो रोशनीबरोबर जाऊन ती नवी मशीन घेऊन आला.

काय सांगू तुम्हाला तिचे रूप! केशरी अंग, रबराची चाके, पोटात तेलाचा थेंब नाही. पाठीला गॅसची टाकी बांधलेली. कपाळावर लाल आकडे चमकतात. माझ्या निम्म्यानेही वजन नाही. भगीरथने माझ्या शेजारी जागा करून तिला ठेवले. कमळाबाई कुंकू घेऊन आली, नवीला टिळा लावला, आणि परत जाताना माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाली, "घे बाय. आता तुला पण सवत आली."

तिने चेष्टेने म्हटले असेल, पण मी त्या क्षणापासून नवीचे दोष शोधू लागले.

नवीला तिन्ही फेज लागायच्या. माझ्यासारखे दोनवर भागत नव्हते तिचे. तिच्या केबलीत चार वायरी होत्या: लाल, पिवळी, निळी आणि हिरवी. रोशनी म्हणाली की रविवारी सुट्टी आहे, मी स्वतः जोडते, तोवर कोणी हात लावू नका. भगीरथने हो म्हटले. पण सोमवार-मंगळवारीच त्याला राहवेना. खरे कारण वेगळे होते. पंचवीस वर्षे शेड चालवणाऱ्या बापाने हात बांधून उभे राहायचे आणि पोरीने मशीन जोडायची, हे त्याला थोडे जड जात होते. मत्सर काय फक्त मशीनलाच होतो? बुधवारी रोशनी कामावर गेल्यावर त्याने साईनाथला बोलावले.

साईनाथ हा दामूचा पुतण्या. दामू आता थकून घरी बसला होता आणि गावातली वायरिंगची कामे साईनाथ करायचा. हाताला चपळ, पण एक कान कायम फोनला. त्याने तीन फेज भराभर बसवल्या. मग हिरवी वायर हातात धरून तो माझ्याकडे वळला. खड्ड्यातून येणारी वायर माझ्या बोल्टवर होती. तोच बोल्ट उघडून नवीचीही वायर तिथे जोडायची, एवढेच काम होते. पण बोल्ट पंचवीस वर्षांचा. पाना लावला तर पाना घसरला.

"काका, हा नाय सुटायचा. हातोड्यानं उडवावा लागंल," साईनाथ म्हणाला.

"जुनीला हातोडा नको मारूस," भगीरथ म्हणाला. "तिचं हाय तसं राऊ दे."

"मग हिरवी न्यूट्रलला मारतो. न्यूट्रल पण शेवटी जमिनीतच जातो. एकच झालं."

आणि त्याने बोर्डातल्या काळ्या वायरीच्या पट्टीवर नवीची हिरवी वायर कसून टाकली. झाली सोयरीक.

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटले ते खरे सांगते. मला आनंद झाला. भगीरथने माझ्यासाठी नकार दिला होता. नवीसाठी मला हातोडा लागू दिला नाही. माझी हिरवी वायर, माझा खड्डा, कमळाबाईने पाजलेले पाणी, सगळे माझ्याकडेच राहिले आणि सवतीच्या वाट्याला उधारीची वायर आली. दामूचे बोलणे मला शब्द न् शब्द आठवत होते. हे जोडणे चुकीचे आहे हे त्या शेडमध्ये माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. मी मनात म्हटले, बरे झाले. एक दिवस हिचे पितळ उघडे पडेल. जळली तर ही जळेल, माझे काय जाते?

मला बोलता येत नाही, हे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण बोलता आले असते तरी मी त्या दिवशी बोलले नसते. मला छळते ते हेच.

संध्याकाळी रोशनी आली. मशीन चालू पाहून ती थोडी रागावली, पण बाप इतका खुशीत होता की तिने ताणले नाही. तिने फक्त एवढेच विचारले, "बाबा, अर्थिंग दिलंय ना?"

"दिलंय गो. पयलं तेच दिलं," भगीरथ म्हणाला.

तो खोटे बोलला नाही. त्याच्या मनात चिमटा होता. सकाळी त्याने स्वतःच्या हाताने टेबलाला घट्ट लावलेला चिमटा. आणि रोशनीच्या मनात हिरवी वायर होती. तिने केबलीकडे पाहिले. हिरवी वायर बोर्डात शिरताना दिसली. दिवसभर उभी राहून ती दमलेली होती. झाकण काही तिने उघडले नाही.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत कडू. नवी सुसाट चालली. पाइपाला भोक नाही, शिवाय सांधा इतका सुबक की ग्राइंडरला काम उरेना. येणारा-जाणारा तिच्यासमोर उभा राहायचा. भगीरथ आता तिच्यावर थाप मारून दाखवायचा. माझ्यावर त्याने चहाचे कप ठेवायला सुरुवात केली. मग हातमोजे. मग एक दिवस कोणीतरी माझ्या दांड्यावर ओला टॉवेल वाळत घातला. मी आत जळत होते, आणि मजा अशी की लाईनही नव्हती.

एकदाच मला दिवाळी आली. वाऱ्याने कुठेतरी निळी फेज गेली. नवीच्या कपाळावर लाल दिवा लागला आणि बाईसाहेब रुसून बसल्या. त्याच वेळी एक गाडीवान तुटलेली कडी घेऊन दारात आला होता. भगीरथने माझ्यावरचे कप उचलले, टॉवेल काढला आणि मला लाल-पिवळीवर घेतले. मी घुमले ते सगळ्या आळीला ऐकू गेले. रोशनी त्या दिवशी घरी होती. ती कमळाबाईला म्हणाली की आई, कितीतरी दिवसांनी झोप येण्यासारखे वाटतेय. हे ऐकून मी विरघळून जायला हवे होते. पण मत्सराला गोड काही पचत नाही. मी नवीकडे पाहून मनात म्हटले, कळली का तुझी लायकी? तासाभराने निळी परत आली आणि माझ्यावर पुन्हा कप आले.

मग तो रविवार उजाडला. शेवटची चार बाके राहिली होती. रोशनी सकाळपासून काम करत होती. भगीरथ दारात पाइप कापत होता. कमळाबाई हंडा घेऊन मागे खड्ड्याकडे चालली होती. वारा सुटला होता आणि जांभळाची फांदी रस्त्यावरच्या वायरींना घासत होती. दुपारी बाराच्या सुमारास खांबावरची न्यूट्रलची जोड निसटली.

शेडमधला पंखा थांबला आणि ट्यूब विझली. नवीच्या कपाळावरचे आकडे मात्र तसेच चमकत होते, कारण तिच्या तिन्ही फेज शाबूत होत्या. पंख्यातून गेलेल्या लाईनला परत जायला आता वाट नव्हती. ती न्यूट्रलच्या पट्टीवर येऊन अडली आणि तिथे तिला सापडली हिरवी वायर. त्या वायरीने ती नवीच्या केशरी अंगावर येऊन थांबली. चाके रबराची. तिथून पुढे जायला तिला काही नव्हते.

मला हे समजले. पहिल्या क्षणी मला वाटले, आला हिचा दिवस.

रोशनीने घाम पुसला. पंखा बंद झाल्यामुळे तिने हातमोजे काढून ठेवले. पंख्याची लाईन गेली असेल, म्हणाली, तोवर मशीन बंद करते. नवीचे बटण खालच्या बाजूला, तिच्या लोखंडी मुठीजवळ होते. ते दाबायला वाकताना ती नेहमी एका हाताने आधार घ्यायची, आणि तो आधार नेहमीचाच होता. तिने डावा हात माझ्या कडीवर ठेवला आणि उजवा हात नवीच्या लोखंडी मुठीवर.

माझ्या अंगाला खड्ड्याची वायर होती. नवीच्या अंगावर लाईन होती. आणि आम्हा दोघींच्या मध्ये रोशनी.

ती लाईन तिच्या उजव्या हातातून शिरली, छातीतून गेली आणि डाव्या हातातून माझ्यात आली. माझ्यातून हिरव्या वायरीने जमिनीत गेली. मी जपलेल्या, कोणाला न दिलेल्या हिरव्या वायरीने. मी मध्ये काही करू शकत नव्हते. तिचा हात सुटत नव्हता आणि तिला ओरडताही येत नव्हते. तिच्या हाताचे थरथरणे मला माझ्या कडीत कळत होते. देवा, मला गंजून पडू दे, माझी वायर तुटू दे, असे मी म्हटले. पण दामूने ती पंचवीस वर्षांपूर्वी फार पक्की कसली होती.

भगीरथने वर पाहिले आणि तो पाइप टाकून तिच्याकडे धावला. त्याने तिला धरले असते तर तोही चिकटला असता. पण मागच्या दारात कमळाबाई होती. मेन स्विचचा खटका त्या दाराशेजारीच आहे. पंचवीस वर्षांत तिने त्याला बोट लावले नव्हते. विजेची तिला भीती वाटे. तिने हंडा टाकला आणि दोन्ही हातांनी खटका खाली ओढला.

रोशनी बापाच्या हातात कोसळली. तिला रिक्षात घालून शहापूरच्या दवाखान्यात नेले. शेड उघडीच राहिली. मी आणि नवी अशा दोघी समोरासमोर राहिलो, आणि त्या दिवशी मला तिचा राग येईना. तिने काय केले होते? जी वायर दिली ती तिने घेतली.

पोर वाचली, मित्रांनो. डॉक्टर म्हणाले की आणखी थोडा वेळ गेला असता तर काही सांगता आले नसते. पाचव्या दिवशी ती शेडमध्ये आली. डाव्या हाताला पट्टी होती. साईनाथ आधीच येऊन खाली मान घालून बसला होता. रोशनीने त्याला बोर्डाचे झाकण काढायला सांगितले आणि हिरवी वायर काळ्या पट्टीवर पाहिली. मग बापाकडे वळली.

"बाबा, मी विचारलं होतं. तुमी दिलंय म्हणालात."

"मी चिमट्याचं म्हटलो गो," भगीरथ म्हणाला. "आन हातोडा नको, हे पण मीच बोललो. जुनीची माया आली मला."

तो तोंड फिरवून उभा राहिला. साईनाथने कबूल केले की काकांनी नको म्हटले तरी त्याने ऐकायला नको होते. दामूकाकाने त्याला हे शिकवले होते आणि तो घाईत विसरला. रोशनीने कोणाला बोल लावला नाही. तिने हातोडा साईनाथच्या हातात दिला आणि माझा बोल्ट दाखवला. चार घाव बसले. एवढे मला कधीच कोणी मारले नव्हते आणि एवढे थोडे मला कधीच वाटले नव्हते. गंज घासून जागा चकचकीत केली, नवा बोल्ट घातला, आणि एकाच खड्ड्याची वायर आम्हा दोघींच्या अंगाला कसली. आता माझ्या आणि तिच्या पत्र्यात विजेला काही फरक दिसत नाही. मग रोशनीने रंगाचा डबा मागवून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले: टेबलाचा तो चिमटा. खड्ड्याचे ते अर्थिंग. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये कोणी चिमट्याला अर्थिंग म्हटले, की भगीरथ काम थांबवतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी पाण्याची मोटर असेल, गावात गिरणी असेल, बापाची किंवा मामाची एखादी मशीन असेल. तिच्या अंगाची हिरवी वायर कुठे जाते, हे मोठ्यांना विचारा. आणि "दिलंय" या उत्तरावर थांबू नका. त्यांचे बोट धरून थेट खड्ड्यापर्यंत चालत जा आणि डोळ्यांनी बघा. खड्डा कोरडा असेल तर त्याला पाणी द्या. आम्ही यंत्रे तुमच्यावर प्रेम करतो, पण आमच्या प्रेमाने कोणाचा जीव वाचत नाही. तो नीट कसलेल्या बोल्टाने वाचतो.

माझा मत्सर गेला का, असे विचाराल. पुरता गेला नाही. नवीवर थाप पडली की अजून टोचते. पण आता ती जळावी असे मला वाटत नाही. तिच्या अंगावर काही उतरलेच, तर ते माझ्या वायरीने जमिनीत जाते, आणि ती वायर तुटू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करते.

रोशनीच्या डाव्या तळव्यावर माझ्या कडीचा अर्धगोल डाग राहिला आहे. ती दर रविवारी शेडमध्ये कामाला येते, हसते, मला चालूही करते. पण आता माझ्याजवळ आली की आधी टेस्टर लावते, मग हाताची उलटी बाजू माझ्या पत्र्याला क्षणभर टेकवून बघते आणि पटकन मागे घेते. तळवा टेकत नाही. तिचे बरोबर आहे, सगळ्यांनी असेच करावे. फक्त, मित्रांनो, या पोरीला माझ्यापाशी यायला पूर्वी असे काही बघावे लागत नव्हते.